टिटवीचं नाक

मंगळवार, ४ मार्च

ताई,

पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं एक वाक्य वाच: टिटवी माझ्याकडे आहे आणि ठणठणीत आहे.

आता फाडलंस तरी चालेल. पण तू फाडणार नाहीस. जिला नऊ वर्षांत कुणी माझा पत्ता दिला नाही, ती तुझी लेक माझ्या दारात कशी उगवली हे कळल्याशिवाय तुला चैन पडायची नाही. फोन केला होता. तू उचलला नाहीस, मला नवल वाटलं नाही. तिने तुला म्हणे ‘मैत्रिणीकडे आहे’ असा मेसेज टाकलाय. ती मैत्रीण म्हणजे मी. या वयात बढतीच मिळाली म्हणायची.

काल सकाळी नाट्यगृहाच्या मागच्या दाराने माझ्या रंगभूषेच्या खोलीत शिरले, तर आरशासमोरच्या पेटीवर एक लांबलचक मुलगी बसलेली. कानांवर हे एवढाले हेडफोन. मी मागून विचारलं, कोण पाहिजे. पुन्हा विचारलं. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा ती अशी दचकली की पेटीवरचा ब्रशांचा डबा खाली. मग वळली, आणि ताई, मला एकदम हसूही आलं आणि रडूही. मी शेवटची पाहिली तेव्हा ती आठ वर्षांची होती, नुसते गालच गाल. आता आरशात आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. तेच कपाळ, तीच हनुवटी आणि मधोमध तेच आपलं बसकं, रुंद, मागे पुढे न पाहणारं नाक.

“मी तुझ्यावर गेलेय म्हणे,” ती म्हणाली. वाईट बातमी सांगावी तशा आवाजात.

बाकीचं तिने चहाबरोबर सांगितलं. तिला नाकाचं ऑपरेशन हवंय. तू नाही म्हणालीस. का नाही, ते सांगितलं नाहीस. ती ओरडली, तू ओरडलीस, दार आपटलं गेलं. मग तिने इंटरनेटवर या शहरातलं एक पार्लर शोधलं. तिथली बाई नाकात इंजेक्शन देऊन ते उंच करून देते, वय विचारत नाही आणि कुणाची सही मागत नाही. येत्या पंधरा तारखेची वेळ घेतलीय. सूज उतरेपर्यंत राहायला जागा हवी, म्हणून मावशी आठवली. नाटकाच्या जाहिरातीत माझं नाव छापतात, तिथून मला हुडकून काढलं. मुलगी हुशार आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी.

ती पार्लरची इंजेक्शनं मला माहीत आहेत. गेल्या वर्षी आमच्या एका नटीने असंच कुठूनसं नाक भरून घेतलं. चार दिवसांत शेंडा काळा पडला. अख्खा हंगाम मी तो काळा शेंडा रंगाखाली झाकला, आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं की सुई अर्ध्या बोटाने चुकली असती तर डोळा गेला असता. हे टिटवीला सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईचं नशीब. सतरा वर्षांच्या माणसाला नशीब नेहमी दुसऱ्याचं खराब असतं असं वाटतं.

मग ती म्हणाली, “आईला काय कळणार? आईचं नाक बघितलंयस ना?”

ताई, मी तोंड उघडलं नाही. तुझ्या त्या सुरेख सरळ नाकामागे एक ऑपरेशन आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तू मला गप्प राहायला सांगितलं होतंस आणि मी अजून गप्प आहे. तुझी गोष्ट तूच सांगायची.

पण हातावर हात ठेवून मी बसणार नाही. तू नाही म्हणालीस त्याचं काय झालं ते माझ्या पेटीवर बसलंय. मी नाही म्हटलंच नाही. म्हटलं, आधी मी तुला तेच नाक करून देते, चेहऱ्यावर चिकटवून चार दिवस हिंड, मग बोलू. तिचे डोळे चमकले. पंधरा तारखेला ती पार्लरच्या पायरीवर नसेल. चेहरा हा माझा प्रांत आहे, तिथे मी कुणाला हार जात नाही.

तुझी धाकटी


शुक्रवार, ७ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हतीच. तरी लिहिते, कारण तुझ्या लेकीचा चेहरा आता दोन ठिकाणी आहे. एक तिच्या मानेवर आणि एक माझ्या फळीवर.

काल तिचा साचा घेतला. कसा घेतात ते तुला ठाऊक आहे, तरी तेव्हा मी शिकाऊ होते, आता जरा सफाई आलीय. केस रबरी टोपीत कोंबले, भुवयांना व्हॅसलीन चोपडलं. दाताचे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला जी पावडर वापरतात ती भिजवून चेहरा लिंपला, फक्त नाकपुड्या मोकळ्या. वरून प्लास्टरच्या पट्ट्या. आतल्या माणसाला दिसत नाही, बोलता येत नाही. म्हणून मी तिचा हात हातात धरून ठेवला. एकदा दाबला तर ठीक आहे, दोनदा दाबला तर काढ.

अंधाराची तिला भीती वाटली नाही. भीती वाटली हेडफोन काढायची. ते कान सोडून कुठेच जात नाहीत. जेवताना असतात, रस्त्यात असतात, दात घासतानाही असतात. मी दोनदा विचारलं तेव्हा कळलं की बऱ्याचदा त्यात गाणं सुरूच नसतं. बसथांब्यावर काही मुलं तिला नकटी म्हणून हाका मारतात. तिने उपाय शोधला, की बाहेरचं काही ऐकूच यायला नको. ताई, तुला हे माहीत होतं का? मला वाटतं, नसावं. ती तुला सांगेल कशी? तिच्या मते तू पलीकडच्या गोटातली, सरळ नाकांच्या.

तर ती आत निपचित पडलेली, आणि शेजारच्या खोलीत आमचा सुतार एका बिजागरीला शिव्या घालायला लागला. त्याच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात, बिजागरीच्या आजोबांपर्यंत पोचतो. टिटवीने माझा हात दाबला नाही, पण पोट हलायला लागलं. मी म्हटलं, हसू नकोस, सगळं फुकट जाईल. त्यामुळे आणखीच. साचा निघाला तर ओठाच्या डाव्या कोपऱ्यात त्या हसण्याची एक सुरकुती उमटलेली. मी पुन्हा घेऊ म्हणाले. ती म्हणाली, राहू दे.

त्यात प्लास्टर ओतून चेहरा काढला. आम्ही त्यालाही साचाच म्हणतो. फळीवर ठेवला आणि मी दार लावून जरा बसले. माझा पहिला साचा तुझा होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू आडवी, एकोणीस वर्षांची, परीक्षेला बसल्यासारखी गंभीर. तुझी अर्धी भुवई मी प्लास्टरबरोबर उपटली होती. ऑपरेशन झाल्यावर तू मला सांगितलंस, तो साचा फोडून टाक. मी त्याच दिवशी सुताराचा हातोडा घेतला आणि मागच्या गल्लीत फोडला. तुझे जुने फोटोही तू काढून टाकलेस. मग एकच वस्तू उरली जिच्यात तुझं जुनं नाक दिसत होतं, ती म्हणजे मी. आधी तू मला पाहुणे असताना बोलवेनाशी झालीस, मग नवऱ्याच्या माणसांसमोर, मग मुळीच नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. मला फार लागलं होतं ते, आणि अजून लागतं.

असो. नाक सुरू केलंय. सोमवारपर्यंत होईल.

तुझी धाकटी


बुधवार, १२ मार्च

ताई,

नाक फार चांगलं झालं. हीच पंचाईत झालीय.

मला वाटलं होतं, ती परकं नाक लावून दोन तास हिंडेल, खाजेल, शिंकता येणार नाही, आरशातली मुलगी ओळखू येणार नाही आणि घरी येऊन म्हणेल, मावशी, काढ बाई हे. वीस वर्षांच्या अनुभवाने मी असं नाक केलं की कडा कुठे संपते ते मलाही शोधावं लागत होतं. तिने आरशात पाहिलं. मान इकडे वळव, तिकडे वळव. मग ती मला अशी बिलगली की माझा चष्मा वाकडा झाला. पावाच्या दुकानात गेली, वाचनालयात गेली, नदीकाठी गेली. संध्याकाळी नाक काढताना डोळ्यांत पाणी, आणि ते पाणी डिंकाचं नव्हतं. म्हणजे आजवर ज्या पार्लरवर तिचा नुसता विश्वास होता, त्याची जाहिरात मी फुकटात करून दिली. नाकाने कांदे सोलत होते, आता डोळे चोळतेय.

आज आणखी फार नाही लिहीत. काल ती मागच्या गल्लीत पडली, थोडं खरचटलंय. काळजीचं काही नाही. सूप घेते आहे, पावाचा लगदा करून त्यात घालते. हेडफोन मोडले, पण नवे नकोत म्हणते. माझ्या खोलीतले आरसे कापडाने झाकून ठेवलेत, हल्ली धूळ फार येते.

पंधरा तारखेचं मी बघते.

तुझी धाकटी


गुरुवार, १३ मार्च

ताई,

कालचं पत्र पाकिटात घालून पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंत मला स्वतःचीच चीड आली. हे कुरिअरने पाठवतेय, बहुतेक दोन्ही एकदमच मिळतील. कालचं खोटं होतं, हे खरं आहे.

टिटवीच्या नाकाचं हाड मोडलंय. बाकी ती शाबूत आहे. डोकं तपासलं, डोळे तपासले, सगळं नीट. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू बसून वाचशील.

मंगळवारी दुपारी ती माझं नाक लावून, कानांवर हेडफोन चढवून गल्लीतून येत होती. दुकानांच्या काचांमध्ये स्वतःला बघत. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. नाट्यगृहाच्या मागच्या फाटकातून पडद्यांचा ट्रक उलटा बाहेर येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, ट्रकही कर्कश पिपाणी वाजवत होता, सुतार फाटकातून घसा फोडून ओरडला. ते हेडफोन बाहेरचा आवाज गिळून टाकतात, त्यासाठीच ते महाग असतात. सुताराने धावत येऊन तिच्या पाठीवरची पिशवी धरून मागे खेचलं, म्हणून आज मी तुला पत्र लिहितेय. नाहीतर काय लिहिलं असतं, ते मनात आणत नाही. ती गर्रकन फिरली आणि तोंडावर पडली, फुटपाथच्या कडेवर. हेडफोन चाकाखाली गेले.

माझं सिलिकोनचं नाक निघून गटाराजवळ पडलं होतं, रक्ताने माखलेलं. शंभर खोटी नाकं पाहिलेला आमचा सुतार ते उचलायला वाकला आणि तिथेच मटकन बसला. पाणी द्यावं लागलं ते त्याला. टिटवीने ते ऐकलं तेव्हा नाकाला कापूस असताना हसली, आणि मग दुखलं म्हणून रडली.

तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, आईला सांगू नकोस. मी एक दिवस पाळलं. तेवढं पुरे.

दवाखान्यातून तुला फोन येईल, तो तरी उचल. ते फक्त हाड आणि सही एवढंच बोलतील. सूज उतरली की मंगळवारी बेशुद्ध करून हाड जागेवर बसवायचं आहे, आणि अठरा पूर्ण नसल्याने आईची सही लागते. बाकीचं मी सांगते.

डॉक्टरबाई मला आवडल्या. कमी बोलतात आणि बोलताना टिटवीकडे बघून बोलतात, माझ्याकडे नाही. त्यांनी मोडण्याआधीचा फोटो मागितला, बाजूने काढलेला, म्हणजे मूळ कसं होतं ते कळेल. टिटवीने फोन पुढे केला. ताई, त्यात दोन वर्षांचे शेकडो फोटो आहेत आणि एकातही तिचं नाक नाही. प्रत्येक फोटोत फोनवरच बोटाने ओढून बारीक केलेलं. ओळखपत्रावरचा फोटो समोरून काढलेला, तोही नखाएवढा. डॉक्टरबाई म्हणाल्या, यावरून मला अंदाजच करावा लागेल. तेव्हा ही म्हणते, “अंदाज कशाला? आता उघडताच आहात तर उंच करून टाका.”

त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्या या वयात ते करत नाहीत. मोडलेलं बसवतील. पुढे वय झाल्यावर, विचार करून, वाटलं तर यावं.  घरी आल्यावर टिटवी म्हणाली, हाड जुळलं की पार्लरमध्ये जाईन, त्यांनी वेळ पुढे ढकलून दिलीय. मी साचा दाखवायला न्यायचं म्हटलं, तर ती फळीसमोर जाऊन उभी राहिली. तो तू द्यायचा नाहीस, म्हणाली, मला ते नाक परत नकोय.

मी फार शहाणी आहे असा माझा समज होता. तू तो नेहमी खोडायचीस. आता खोडायला ये. मी तिला धाक दाखवून पाहिला, लाडीगोडी करून पाहिली, नाकसुद्धा करून दिलं. माझं ती ऐकत नाही, कारण मी नकटीच राहिलेली मावशी आहे, माझं म्हणणं तिला कोल्ह्याच्या द्राक्षांसारखं वाटतं. एकच माणूस आहे ज्याने ते नाकही बाळगलं आणि हेही बाळगलंय. मला भीती वाटतेय, ताई. हे वाक्य मी तुला पहिल्यांदाच लिहितेय. सही करायला ये, आणि आलीस की तिला सांग.

मी सांगणार नाही. तेवढं माझं मी पाळीन.

तुझी धाकटी


रविवार, २३ मार्च

ताई,

घरी पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा टिटवी शेजारी होती, म्हणून धड बोलता आलं नाही. आणि काही गोष्टी मला लिहूनच जमतात. तू इथे असताना आपण दोघी हवापाणी, ट्रकवाले आणि दवाखान्यातला चहा यांवर फार सुंदर बोललो.

सोमवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात काय झालं ते तुला ठाऊक आहे. पण अर्धंच, कारण अर्धा वेळ तुझे डोळे मिटलेले होते. म्हणून उरलेलं सांगते.

साचा मी तिच्या मनाविरुद्ध नेला होता, टॉवेलात गुंडाळून. डॉक्टरबाईंची वाट बघत बसलो असताना तिने पिशवीत तो पाहिला. भांडली नाही. काढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसली, म्हणजे मला तो डॉक्टरांपर्यंत पोचवता येऊ नये. मी ठरवत होते, की दवाखान्यात भाचीशी झटापट करणं कितपत शोभेल. तेवढ्यात तू जिन्यातून वर आलीस. बॅग हातात, दमलेली, केस विस्कटलेले. मला वाटलं तू आधी तिचे काळेनिळे डोळे बघशील, किंवा मला बघून नऊ वर्षांनी काहीतरी ठेवणीतलं बोलशील. तुझी नजर सरळ तिच्या मांडीवर गेली.

“हा फोडला म्हणाली होतीस ना?” तू मला विचारलंस.

ताई, मी जन्मात इतकी गोंधळले नव्हते. तुझा आवाज रागाचा नव्हता. कुणी हरवलेलं माणूस समोर दिसावं तसा होता. मी एवढंच म्हणू शकले, “हा तुझा नाही. तुझा मी खरंच फोडला. हा हसतोय बघ.”

तेव्हा तू डोळे मिटलेस. आणि मी टिटवीकडे पाहिलं. तिच्या कानांवर काही नव्हतं, ते हेडफोन चाकाखाली गेले होते. आपलं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिच्या कानांत गेलं. तिने साच्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे. मग माझ्या नाकाकडे आणि परत तुझ्याकडे. सुजलेल्या चेहऱ्यावर फार काही दिसत नाही, पण चेहरे वाचणं माझं काम आहे. आधी ती चिडली. खूप चिडली, फसवलं गेल्यासारखी. साचा आता फेकते की काय, असं मला वाटलं. मग तिचा अंगठा आपोआप त्या प्लास्टरच्या नाकावरून फिरायला लागला, वरून खाली, जसं एखादं ओळखीचं नाव चाचपडून वाचावं.

“आई, तुझं असं होतं?” तिने विचारलं.

“असंच,” तू म्हणालीस. डोळे न उघडता.

पुढे तू तिच्याशेजारी बसलीस, आणि मी उठून सुताराबरोबर चहा प्यायला गेले. तो रोज येत होता, बिजागऱ्या टाकून. तुम्ही तासभर काय बोललात ते मी तुला विचारलं नाही, तिलाही विचारलं नाही. कुणाच्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही, असं आयुष्यात प्रथमच ठरवलं आणि ते किती जड जातं तेही कळलं.

आम्ही परत आलो तेव्हा डॉक्टरबाई समोर उभ्या होत्या आणि टिटवी त्यांच्याकडे साचा दोन्ही हातांनी पुढे करत होती. “असंच बसवा,” ती सांगत होती. “ओठाची सुरकुती सोडून.” त्यांनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, मापं घेतली. तेव्हाच त्यांनी मला दाखवलं की हिचं नाक मूळचंच डावीकडे किंचित झुकलेलं आहे. मी तिच्यासाठी खोटं नाक घडवलं, आठवडाभर त्या चेहऱ्यावर वाकून होते, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुझंही झुकलेलं होतं का, ताई? माझं आहे, घरी येऊन पाहिलं.

ती बरी आहे. नाकावर पट्टी आहे, डोळ्यांखालचं निळं आता पिवळ्यावर आलंय. आरशांवरचं कापड तिने स्वतः काढलं. पार्लरचा नंबर माझ्यासमोर फोनमधून काढून टाकला. पण मी तुला गोड गोड लिहून फसवणार नाही. ऑपरेशन कधीच करणार नाही असं ती म्हणालेली नाही. म्हणते, बघू, आधी पंचविशीची होऊ दे, आणि तेव्हाही वाटलं तर आईला विचारून, याच डॉक्टरबाईंकडे. मला ते पुरेसं वाटतं. चेहरा तिचा आहे, मी आणि तू तो फक्त आधी वापरून पाहिला.

सुताराने हेडफोन तारेने बांधून दिलेत. एका बाजूलाच वाजतात. ती खोलीत लावते, रस्त्यावर गळ्यात अडकवते. काल बाजारातून येताना कुणीतरी पोरगं पट्टी बघून काहीबाही बोललं, तिने ते ऐकलं आणि चालत राहिली. मी विचारलं, बसथांब्यावरच्या मुलांचं काय करणार? ती म्हणाली, “नकटी म्हणाले तर सांगेन, हो, आमच्याकडे तिघी आहेत.”

तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही, हे खरं आहे. पण एक वाक्य तिने आपणहून सांगितलं. परवा ब्रश धुताना म्हणाली, आई म्हणत होती की ऑपरेशन छान झालं, काही बिघडलं नाही, तिला हवं तसंच नाक मिळालं. फक्त त्यानंतर तुला घरी बोलवता येईना. एवढं बोलून ती ब्रश धूत राहिली. मी नळ मोठा सोडला आणि बराच वेळ माझे हात धुतले. ताई, मला नऊ वर्षं वाटत होतं की तुला माझी लाज वाटते. तुला माझी आठवण येते असं कधी सुचलंच नाही. तू मला ते स्वतः सांगितलं असतंस तर मी तिथेच रडले असते, म्हणून तिच्याकरवी पाठवलंस ते बरं केलंस.

आता कामाचं. गुरुवारी तिची पट्टी निघते आणि तू यायचं आहेस. रजा काढून ये, दोन दिवस तरी राहा. माझ्या फळीवर टिटवीच्या साच्याशेजारी जागा केलीय. दुसऱ्या बाजूला माझा आहे, तू गेल्यावर तिने घेतला. पहिल्या प्रयत्नाच्या मानाने बरा, फक्त माझी अर्धी भुवई गेली, ते घराण्यातच आहे. आता ती तुझा घेणार. आताच्या नाकाचा, जसं आहे तसं. मी फक्त तुझा हात धरायला बसणार आहे. एकदा दाबलास तर ठीक आहे, दोनदा दाबलास तर काढू.

केस घट्ट बांधून ये. आणि यावेळी हसलीस तरी चालेल.

तुझी धाकटी